उघड्यावरची चूल आणि घडीची जाळी

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याआधीचे काही दिवस नाशिक जिल्ह्यातील रस्ते टाळमृदंगाच्या नादाने भरून जातात. निफाड, सिन्नर, येवला या तालुक्यांतून, तसेच शेजारच्या जिल्ह्यांतून निघालेल्या दिंड्या या दिवसांत पायी वाटचाल करीत असतात. पुढे चैत्रात हेच दृश्य जिल्ह्याच्या उत्तर भागात दिसू लागते. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या सप्तशृंगीदेवीच्या उत्सवासाठी खानदेशातील भाविक भर उन्हात पायी गडाकडे येतात. या दोन यात्रांच्या मधल्या काळात, आणि आता तर वर्षभर, सुटीच्या दिवशी हरिहर, अंजनेरी, साल्हेर या डोंगरी किल्ल्यांकडे निघालेली तरुण मंडळी असतात.

या तिन्ही प्रकारच्या प्रवाशांचे हेतू वेगळे. परंतु दिवस मावळू लागला की त्यांच्यापुढे उभा राहणारा प्रश्न एकच असतो. चूल कोठे मांडावी आणि ती कशी पेटवावी? मोठ्या दिंडीत मुक्कामाच्या गावी पंगतीची सोय असते, वाटेवर अन्नदानाचे मांडवही असतात. पण मागेपुढे राहिलेली कुटुंबे, पाचसहा जणांचे गट आणि डोंगरावर मुक्कामाला जाणारे यांना स्वतःचा शिधा स्वतःच शिजवावा लागतो. अशा लहान गटांच्या सामानात अलीकडे एक वस्तू अधूनमधून दिसू लागली आहे. ती म्हणजे पाय दुमडून सपाट होणारी, पोत्यात गुंडाळून पाठीवर नेता येणारी लोखंडी जाळी. वस्तू साधी आहे. मात्र तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात.

तीन दगडांची चूल

जाळीचा विचार करण्यापूर्वी तिने ज्याची जागा घेतली त्या तीन दगडांच्या चुलीचा विचार करणे उचित ठरेल. ही चूल कोणाच्याही मालकीची नाही, तिला खर्च नाही आणि ती सर्वत्र उपलब्ध आहे. तीन टेकूंवर ठेवलेले भांडे डळमळत नाही, हे तत्त्व तिच्यात आपोआप साधले जाते. दगड मोठे असले तर ते वाराही काही प्रमाणात अडवितात.

तिचे दोषही सर्वपरिचित आहेत. भांड्याचा आणि दगडांचा मेळ बसेपर्यंत वेळ जातो. डाव फिरविताना एखादा दगड सरकतो आणि उकळते वरण मांडीवर सांडते. उघड्यावरील चुलींतून होणाऱ्या भाजण्याच्या अपघातांचे हे नित्याचे कारण होय. सह्याद्रीतील काळा दगड कठीण खरा, पण ओढ्यातून नुकताच उचललेला ओला दगड जाळावर धरला तर त्याच्या छिद्रांतील आणि भेगांतील पाण्याची वाफ होऊन तो फुटतो व त्याच्या कपच्या उडतात. म्हणून पाण्याकाठचा दगड चुलीला घेऊ नये, असे जुनी माणसे सांगत. जळणातून निघणाऱ्या उष्णतेपैकी सर्वसाधारणपणे १० ते १५ टक्केच उष्णता अशा चुलीत भांड्याला मिळते. उरलेली वाऱ्यावर जाते.

किल्ल्यांवर आणखी एक हानी होते, ती सहसा लक्षात येत नाही. पाण्याच्या टाक्यांचे काठ, दरवाज्यांच्या देवड्या, गुहांच्या ओसऱ्या हीच निवाऱ्याची ठिकाणे असल्याने चुलीही तेथेच मांडल्या जातात. तटाचा सुटलेला चिरा चुलीचा दगड म्हणून वापरला जातो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांत बागलाणातील साल्हेरचा समावेश आहे. या किल्ल्यांवर काजळलेल्या भिंती शोधाव्या लागत नाहीत.

जाळी कशी असावी

बाजारात मिळणाऱ्या घडीच्या जाळ्या अनेक प्रकारच्या असतात. परंतु ही वस्तू घडवून घेणे मुळीच अवघड नाही. नाशिकच्या सातपूर व अंबड परिसरातील किंवा तालुक्याच्या गावातील खिडक्यांचे गज बसविणारा कोणताही कारागीर ती अर्ध्या दिवसात करून देऊ शकतो. ४५ सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद अशी चौकट, तिच्यात ६ मिलिमीटर जाडीच्या सळया आणि दोन्ही टोकांना बिजागरीने दुमडणारे पाय एवढेच तिचे स्वरूप असते. सळयांमधील अंतर २ सेंटिमीटरांच्या आसपास असावे. त्याहून अधिक ठेवल्यास हिरवी मिरची निखाऱ्यात पडते, त्याहून कमी ठेवल्यास वजन विनाकारण वाढते. अशा जाळीचे वजन सुमारे दोन किलो भरते. चौघा-सहा जणांच्या गटाला हे ओझे जड नाही.

दोन गोष्टींवर मात्र आग्रह धरावा. पहिली, मधोमध एक आडवी पट्टी असावी. तापून लाल झालेले लोखंड आपले जवळजवळ निम्मे बळ गमावते. पट्टीविना केलेली जाळी पहिल्याच मुक्कामात पाच लिटर पाण्याच्या पातेल्याखाली झोळीसारखी वाकते. दुसरी, पाय उभे राहिल्यावर त्यांना अडकवून ठेवणारी कडी किंवा खाच असावी. उभ्या स्थितीत आपोआप अडकत नाहीत असे पाय तीन दगडांपेक्षाही घातक ठरतात. पायांची उंची १५ ते २० सेंटिमीटर ठेवावी.

जाळी साध्या लोखंडाची किंवा बिनगंज पोलादाची असावी. जस्ताचा मुलामा दिलेली नसावी. गंज चढू नये म्हणून तारेला व पत्र्याला जस्ताचा थर देण्याची पद्धत आहे. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते व अतिशय तापल्यावर त्याचा पांढरा धूर होतो. हा धूर श्वासावाटे गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंग करणाऱ्या कामगारांना या तापाचा अनुभव असतो. जुन्या शीतकपाटातील तारेची फळी काढून तिचीच जाळी करण्याची युक्ती याच कारणास्तव टाकाऊ समजावी. तिच्यावरचा मुलामा कशाचा आहे हे कळण्यास मार्ग नसतो, आणि अन्न तर थेट तिच्यावर ठेवायचे असते. रंग लावलेली नवी जाळी घेतली असल्यास ती प्रथम रिकामीच मोठ्या जाळावर तासभर तापवावी, थंड झाल्यावर घासावी व गोडेतेलाचा हात फिरवावा.

नाशिकच्या भांडीबाजाराची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध आहेत, आणि घरातील कल्हई केलेले पातेले प्रवासात बरोबर घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. कल्हई म्हणजे कथील, आणि ते २३२ अंशांनाच वितळते. भांड्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. पण रिकामे पातेले उघड्या जाळावर राहिले की कल्हई ओघळून जाते. जाळीवर ठेवण्यासाठी जाड बुडाचे पोलादी किंवा ॲल्युमिनियमचे पातेले आणि बिडाचा तवा अधिक सोयीचा.

जाळी म्हणजे शेगडी नव्हे

जाळी घेतली म्हणजे सरपण वाचले, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत बरोबर नाही. जाळीला भिंती नसतात. तिच्याखाली होळीसारखा जाळ केला तर तीन दगडांच्या चुलीपेक्षाही अधिक लाकूड जळेल, कारण दगडांचा आडोसाही उरलेला नसतो. जाळी देते ती स्थिरता आणि ठरावीक उंची. बचत होते ती जाळ घालणाऱ्याच्या हातून.

शेकोटी वेगळी आणि चूल वेगळी, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शेकोटीभोवती बसायचे असते, म्हणून तिची धग सर्व बाजूंना पसरावी लागते. चुलीची धग वर, भांड्याच्या बुडाशी जावी लागते. निफाडकडच्या पौषातील कडाक्याच्या थंडीत एकाच आगीवर दोन्ही कामे उरकण्याकडे कल असतो. त्यात स्वयंपाकही बिघडतो आणि लाकूडही संपते. शेकायचेच असेल तर स्वयंपाक झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवर शेकावे.

चुलीसाठी जाळ अरुंद असावा. वारा येतो त्या बाजूस दोन-तीन सुके दगड उभे करावेत, म्हणजे दगडांचा मूळ गुण जाळीलाही लाभतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या समोरून आत सरकवाव्यात व जळतील तशा पुढे ढकलाव्यात. ज्वाळेचे टोक भांड्याच्या बुडाला लागेल इतकाच जाळ पुरतो. बुडावरून बाहेर येऊन कडांना चाटणारी ज्वाळा म्हणजे वाया जाणारे लाकूड होय.

सबंध जाळीखाली आग पसरू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जाळीचा साधारण दोन तृतीयांश भाग विस्तवावर ठेवावा आणि उरलेला मोकळा सोडावा. जुन्या मातीच्या चुलीला बाजूस वैल असे. मुख्य जाळावर भाकरी चालू असताना आमटीचे भांडे वैलावर गरम राही. जाळीचा मोकळा भाग हा तिचा वैल समजावा. जाळ भडकला की भांडे तिकडे सरकवता येते. आग कमीअधिक करण्यापेक्षा भांडे हलविणे केव्हाही सोपे.

जळण कोणते

ओले लाकूड तोडून जाळणे हा अपराध तर आहेच. शिवाय तो तोट्याचा व्यवहार आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणीच असू शकते. ते पाणी आटविण्यात धग खर्ची पडते आणि धूर होतो. मोडताना कडकन आवाज करणारी काटकी वाळलेली समजावी. बाभूळ, बोर, खैर यांचे निखारे चांगले टिकतात. बांबूचे पेर मात्र तसेच जाळात घालू नये. आतील हवा तापून ते फुटते व ठिणग्या उडतात. ते आधी उभे चिरून घ्यावे. कण्हेरीची काटकी जळणातही नको आणि कणीस टोचण्यासही नको. ते झाड सर्वांगी विषारी आहे.

नाशिक जिल्ह्यात जळणाचा एक वेगळा साठा दरवर्षी निर्माण होतो. निफाड, दिंडोरी भागातील द्राक्षबागांत वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटलेल्या काड्यांचा बारीक चुरा करून त्या बागेतच कुजविणे हा त्यांचा सर्वांत उत्तम उपयोग होय, आणि अनेक बागायतदार तसे करतातही. तरीही काही काड्या बांधावर रचून पेटवून दिल्या जातात. खरड छाटणीच्या ज्या काड्या बांधावर वाळतात, त्यांतील चार मोळ्या बागायतदाराला विचारून पावसाळ्यात कोरड्या ठेवल्या तर पौषाच्या वाटचालीला त्या उपयोगी पडतात. पेन्सिलीच्या जाडीच्या या काड्या चटकन पेट घेतात. त्यांचे निखारे अल्पजीवी पण प्रखर असतात.

फ्रान्समधील बोर्डो परगण्यात द्राक्षवेलींच्या निखाऱ्यांवर मांस भाजण्याची जुनी प्रथा आहे. नाशिकच्या बागायतदाराला बोर्डो हे नाव परिचित आहे ते मोरचूद व चुना यांच्या फवारणीच्या मिश्रणामुळे. त्या परिचयातच एक इशाराही आहे. फवारणीचे अंश काड्यांवर राहिलेले असू शकतात. म्हणून या काड्या झाकलेल्या पातेल्याखाली जाळण्यास वापराव्यात आणि त्यांच्यावर अन्न उघडे भाजू नये. भाजण्यासाठी बाभळीचे किंवा बोरीचे निखारे घ्यावेत. मांडवाचे रसायन लावलेले जुने खांब, रंगवलेल्या फळ्या, खोक्यांची प्लायवूड यांना तर कोणत्याही चुलीत स्थान नाही.

आग वयात येते तसा स्वयंपाक

जाळीवरील स्वयंपाकाचे मर्म पदार्थांत नसून क्रमात आहे. पेटवल्यापासून विझेपर्यंत आगीच्या तीन अवस्था होतात. पहिली ज्वाळांची, दुसरी निखाऱ्यांची आणि तिसरी राखेखालच्या उबेची. प्रत्येक अवस्थेला साजेसा पदार्थ ठेवला तर एकाच मापाच्या जळणात संपूर्ण जेवण होते. अनुभव नसलेली मंडळी नेमका उलटा क्रम धरतात. भडकलेल्या जाळावर वांगी टाकतात आणि ती बाहेरून कोळसा व आतून कच्ची निघाली की जाळीला दोष देतात.

ज्वाळा आहेत तोवर पाण्याचे पदार्थ करावेत. चहा, डाळ, खिचडी किंवा आमटी, जे काही उकळायचे ते याच वेळी. डाळ-तांदूळ निघण्यापूर्वीच भिजत घातलेले असावेत. उंचीवर हे विशेष महत्त्वाचे ठरते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असलेल्या नाशिक शहरात पाणी ९८ अंशांना उकळते. १,५६७ मीटर उंचीच्या साल्हेरच्या माथ्यावर ते ९५ अंशांच्या आसपासच उकळू लागते. फरक थोडा दिसतो, पण तुरीची डाळ शिजण्यास त्यामुळे बराच अधिक वेळ लागतो. पाणी खळखळत असूनही डाळ दडदडीत का, याचे उत्तर हे आहे. मोठा जाळ करून ती लवकर शिजत नाही, केवळ पाणी लवकर आटते. मूगडाळ न्यावी, ती रात्रीपासून भिजवावी आणि पातेल्यावर झाकण ठेवावे. झाकणाने जितके सरपण वाचते तितके दुसऱ्या कोणत्याही युक्तीने वाचत नाही.

यात्रेकरूंच्या बाबतीत एकादशीचा उपवास असतो. भगर या अवस्थेला उत्तम साधते. वरईचे पीक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत निघते आणि भगरीच्या गिरण्या नाशकात आहेत, त्यामुळे ती ताजी मिळते. भगर घेताना बंद पुडीतील, वास नसलेली घ्यावी आणि शिजवलेली भगर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. ओलसर जागी साठवलेल्या भगरीला बुरशी लागून विषबाधा झाल्याचे प्रकार उपवासाच्या दिवसांत घडतात.

ज्वाळा बसल्या आणि निखाऱ्यांवर करड्या राखेचा पातळ पदर आला की दुसरी अवस्था सुरू होते. धगेचा अंदाज हाताने घेता येतो. जाळीच्या उंचीवर तळहात धरावा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर धग कडक आहे, चार-पाच सेकंद सोसला तर मध्यम, सहा-सात सेकंद सोसला तर मंद.

भाकरीला प्रथम तवा लागतो. पाणी लावलेली बाजू तव्यावर सुकली, भाकरी उलटून दुसरी बाजू शेकली गेली की तवा वैलाकडे सरकवून भाकरी थेट जाळीवर ठेवावी. धग कडक असेल तर ती क्षणात फुगते. घरच्या चुलीत भाकरी निखाऱ्यांपुढे उभी करून फुगविण्याची जी रीत आहे, तिचेच हे दुसरे रूप. नागलीच्या भाकरीला जरा कमी धग द्यावी. ती लवकर तडकते.

वांग्याला मध्यम धग हवी. खानदेशातून गडाकडे येणाऱ्यांना भरिताची वांगी कशी भाजावीत हे सांगण्याचे धाडस कोणी करू नये. इतरांसाठी इतकेच सांगता येईल की वांग्याला आधी सुरीने दोन-तीन टोचे मारावेत, तेलाचे बोट फिरवावे आणि देठ धरून दर चार-पाच मिनिटांनी वळवावे. टोचे न मारलेले वांगे आतल्या वाफेने फुटू शकते. बाजूलाच मिरच्या आणि लसणाचा गड्डा ठेवावा. मक्याचे कणीस वरचे एक-दोन पापुद्रे ठेवून भाजल्यास दाणे कोरडे पडत नाहीत.

मासा भाजताना बहुतेकांचा धीर सुटतो. जाळी चांगली तापू द्यावी, तिला तेलाचा फडका लावावा, मगच मीठ-हळद-तिखट लावलेला मासा ठेवावा आणि त्याला हात लावू नये. खालची कातडी भाजली की मासा आपण होऊन सळया सोडतो. त्याआधी उलटू पाहिल्यास निम्मा मासा जाळीला राहतो. कोंबडीचे तुकडे लहान करावेत आणि हाडाजवळचा रस पांढरा निघेपर्यंत उतरवू नयेत. तेल किंवा चरबी निखाऱ्यावर टपकून भडका उडाला तर पाणी मारू नये, तुकडा वैलाकडे न्यावा. काळा जळका थर खाऊ नये. तो चवीला कडू आणि प्रकृतीला अपायकारक असतो.

तिसऱ्या अवस्थेत जाळीचे काम संपलेले असते. राखेखालच्या उबेत सालीसकट कांदे आणि रताळी पुरून ठेवावीत. लासलगावच्या पट्ट्यातील कांद्याला वेगळी शिफारस नको. अर्ध्या-पाऊण तासाने बाहेरची साल काळी होते, आतला गर मात्र गोड व लोण्यासारखा मऊ होतो.

भांड्याविना स्वयंपाकाचे हे शिक्षण बालवीरांना प्रथमपासून दिले जाते. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिले प्रायोगिक शिबिर भरविले, तेव्हापासून चूल पेटविणे हा त्या चळवळीच्या अभ्यासाचा भाग आहे. आपल्याकडे खेड्यातील दहा वर्षांच्या मुलीला हे सर्व कोणत्याही बिल्ल्याविना येत होते, ही गोष्ट वेगळी.

कपडे, तंबू आणि भाजणे

चुलीशी बसताना सुती कपडे असावेत. पदर, ओढणी, मफलर खोचून घ्यावे. कृत्रिम धाग्याचे कापड पेटते तसेच वितळून कातडीला चिकटते. जाळी तापल्यावर ती कोठे गरम आहे हे रंगावरून कळत नाही. काळी दिसणारी सळईही हाताला फोड आणते. सांडशी आणि चिमटा हाताशी असावा. भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. अंगठी किंवा बांगडी त्वरित काढावी. हळद, शाई, दातांची पेस्ट यांपैकी काहीही लावू नये. त्यामुळे जखम दूषित होते आणि वैद्यकीय तपासणीत अडथळा येतो. भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, किंवा चेहरा अथवा हाताचे सांधे भाजले असतील, तर रुग्णालय गाठावे.

विझत आलेले निखारे उबेसाठी तंबूत किंवा बंद खोलीत नेणे ही सर्वांत जीवघेणी चूक होय. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही. घमेले भरून निखारे आत नेण्यापेक्षा आणखी एक घोंगडी अंगावर घ्यावी.

कोठे पेटवू नये

आतापर्यंतचे विवेचन जेथे चूल पेटविण्यास हरकत नाही अशा जागेपुरते आहे. वस्तीजवळची मोकळी जागा, नांगरलेले शेत, नदीचे कोरडे वाळवंट, मुक्कामाच्या गावाने नेमून दिलेली जागा, या त्या जागा होत. जंगलात परिस्थिती वेगळी आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे किंवा वनास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटती ठेवणे हा गुन्हा आहे. जाळी वापरली म्हणून त्यात सूट मिळत नाही.

पौषात गवत पिवळे पडलेले असते, तरी त्यावर दव असते. चैत्रात तेच गवत काडीसारखे पेटते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतचा काळ हा वणव्यांचा काळ. नेमक्या याच काळात गडाची पायी यात्रा येते आणि उन्हाळी सुट्या लागतात. नाशिकजवळच्या बोरगडला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र घोषित करण्यात आले. अंजनेरीच्या डोंगरावरून नाव मिळालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जाती शास्त्राला २००६ मध्ये ज्ञात झाली. असे डोंगर एका रात्रीच्या खिचडीसाठी पणाला लावण्याचे कारण नाही. चैत्रात डोंगरावर जाणाऱ्याने दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे आणि कांदा बांधून न्यावा व जाळी घरी ठेवावी. वणवा दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

परवानगी असलेल्या जागीही झाडाच्या बुंध्याशी चूल मांडू नये. सावली मिळते खरी, पण जमिनीखालची वाळकी मुळे पेट घेऊन पुढे धुमसत राहतात. जाळीच्या चहूबाजूंना दोन-अडीच मीटरपर्यंतचा पाचोळा झाडून टाकावा आणि पेटविण्यापूर्वी पाण्याची बादली भरून शेजारी ठेवावी. विझविण्यापुरते पाणी नसेल तर स्वयंपाकापुरते आहे असे धरू नये.

विझविण्याचे काम निघण्यापूर्वी अर्धा तास सुरू करावे. निखाऱ्यांवर नुसती माती लोटणे हा प्रचलित मार्ग असला तरी तो फसवा आहे; मातीखाली निखारे रात्रभर जिवंत राहतात आणि पहाटेचा वारा त्यांना उघडे पाडतो. पाणी थोडे थोडे शिंपडावे, काठीने ढवळावे, पुन्हा शिंपडावे. चर्र असा आवाज येईनासा झाला की राखेवर हाताची पालथी बाजू धरून पाहावी. ऊब लागली तर पुन्हा पाणी. आडोशाला लावलेल्या दगडांवरही पाणी ओतावे व ते होते त्या जागी नेऊन ठेवावेत.

तोवर जाळी निवलेली असते. तिच्यावर चिकटलेले अन्न नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कापलेल्या कांद्याने घासावे. तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याच्या तुटलेल्या तारा सळयांत अडकून पुढच्या जेवणात घशाखाली जाऊ शकतात. बिजागरीवर तेलाचे दोन थेंब सोडावेत, पाय दुमडावेत आणि काजळी इतर सामानाला लागू नये म्हणून जाळी गोणपाटात गुंडाळून सर्वांत शेवटी बांधावी.